गाइड चालू, असिस्ट बंद

आमच्या घरात चित्रं काढणाऱ्या दोघी आहेत आणि प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमधल्या एका बटणावरून त्यांचं पटत नाही. बटणाचं नाव ‘ड्रॉइंग गाइड’. वरच्या पट्टीतल्या पान्यावर बोट ठेवायचं, कॅनव्हासमध्ये शिरायचं, बटण सरकवायचं. लगेच कोऱ्या पडद्यावर चौकोनांची जाळी उमटते. हवी तर तिरकी आयसोमेट्रिक जाळी, हव्या तर एका बिंदूकडे धावणाऱ्या पर्स्पेक्टिव्हच्या रेघा, नाहीतर मधोमध आरशासारखा अक्ष.

माझी थोरली बहीण चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात तिची सगळी नोकरी गेली. माझी मुलगी ओवी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. वाचकांना वाटेल, भाची गाइडच्या बाजूची असणार आणि आत्या कागद-पेन्सिलीच्या. इथे उलटं आहे. आयपॅड हातात आल्यापासून आत्या जाळीशिवाय रेघ ओढत नाही आणि ओवी जाळी दिसली की आधी ती बंद करते.

या खेपेला निमित्त होतं एका पुस्तकातल्या दोन पानी चित्राचं. सात वर्षांची मुलगी एसटी स्टँडवर उभी राहून आजोबांची गाडी शोधते आहे. ओवीनं हट्ट सोडून या चित्राला गाइड लावून बघितलं होतं. पुढचं सगळं त्या दोघींचं. मी मधे मधे तोंड घातलंय, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

ओवी : हे बघ आत्या. खांब सरळ, पत्रे सरळ, बाकडी एका ओळीत. सगळं शिस्तीत त्या बिंदूकडे निघालंय. चूक म्हणशील तर एक नाही. पण हे स्टँड वाटतं का तुला? बिल्डरच्या माहितीपत्रकात छापतात तसं दिसतंय. आता फक्त कडेला हिरवळ आणि दोन पाम लावायचे राहिलेत.

आत्या : खापर गाइडवर फोडू नकोस. आधी सांग, बिंदू कुठे दिलास?

ओवी : मधे. पानाच्या मधोमध टॅप केलं, आला.

आत्या : का मधोमध?

ओवी : का म्हणजे? मोकळी जागा तिथे होती.

आत्या : झालं तर मग. अगं, तो बिंदू ज्या आडव्या रेषेवर बसतो ती क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याचे डोळे. तुझी रेषा कंडक्टरच्या डोळ्यांतून गेलीय, त्या पिशवीवाल्या बाईच्या डोळ्यांतून गेलीय, लांब चौकशी खिडकीपाशी उभा आहे त्याच्याही डोळ्यांतून गेलीय. सपाट जमिनीवर सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे त्या रेषेवर आले, म्हणजे चित्र मोठं माणूस उभं राहून बघतंय. गोष्ट कुणाची आहे?

ओवी : मुलीची.

आत्या : मग रेषा मुलीच्या डोळ्यांपर्यंत खाली आण. सात वर्षांची पोर मोठ्यांच्या कमरेएवढी असते. म्हणजे जवळचा असो की लांबचा, प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर त्या रेषेवर येईल. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन तिच्या नाकासमोर येईल. पत्र्याचं छप्पर अंगावर आल्यासारखं उंच जाईल आणि बाकड्याची बैठक जेमतेम वरून दिसेल. पोर हरवल्यासारखी दिसायला चेहऱ्यावर काही करावं लागणार नाही, ते काम रेषा करेल.

(इथे ओवी गप्प झाली आणि तिनं निळ्या ठिपक्याला बोट लावून तो खाली ओढला. रेघांचा अख्खा पंखा त्याच्याबरोबर खाली आला. आधी काढलेलं चित्र अर्थातच जागच्या जागी राहिलं. ते पुन्हा काढणं आलं. गाइड चित्र सुधारत नाही, फक्त कुठे चुकलं ते उघडं पाडतं.)

ओवी : मान्य. पण आत्ता जे सांगितलंस ते तुझ्या डोक्यातलं आहे. ॲपनं मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मी चुकीच्या जागी बिंदू दिला, त्यानं निमूटपणे रेघा काढून दिल्या. माझी चूक त्यानं अगदी काटेकोर करून दिली!

आत्या : कागदावर काय वेगळं व्हायचं? पोरं चुकीच्या जागी बिंदू द्यायची आणि तासभर पट्टीनं रेघा मारून मग माझ्याकडे यायची. इथे दोन सेकंदांत कळतं. मी शिकवत होते तेव्हा हे असतं तर अर्धी खोडरबरं वाचली असती.

ओवी : आणि दोन बिंदूंचं काय? इमारतीचा कोपरा काढायला दोन बिंदू दिले की माझी इमारत नेहमी जहाजाच्या नाळेसारखी टोकदार होते.

आत्या : कारण दोन्ही बिंदू तू पानात कोंबतेस. बिंदू जवळजवळ आले की कोपरा टोकदार होणारच. आम्ही ड्रॉइंग बोर्डच्या बाहेर, टेबलाच्या दोन कडांना टाचण्या टोचायचो आणि त्यांना दोरा बांधायचो. दोरा ताणायचा, त्याच्या अंगानं रेघ मारायची. तुझ्या ॲपमध्ये टेबल आहे की. दोन बोटांनी चिमटा काढून पान लहान कर. भोवती मोकळी जागा दिसेल, तिथे नेऊन ठेव बिंदू.

हे मी स्वतः करून पाहिलं. कॅनव्हास आकसून पडद्याच्या मधे तिकिटाएवढा ठेवला आणि बिंदू पार कडेला नेले. कोपरा लगेच माणसात आला. हे ॲप असे बिंदू तीनपर्यंत देऊ देतं. तिसरा उंच इमारत खालून किंवा वरून बघताना लागतो. नवशिक्यानं त्याच्या नादी लागू नये असं ताईचं मत आहे. मला ते पटतं, कारण तिसरा बिंदू दिला की माझ्या सगळ्या इमारती पडायला आल्यासारख्या दिसतात.

पण ओवीची खरी तक्रार जाळीबद्दल नव्हतीच. ती जाळीच्या शेजारच्या दुसऱ्या बटणाबद्दल, ‘असिस्ट’बद्दल होती. ते तिनं नंतर काढलं.

ओवी : थांब, आता हे बघ. हा पत्र्याच्या छपराचा लेअर. नावाखाली बारीक अक्षरांत ‘असिस्टेड’ लिहिलंय, दिसलं? आता मी पत्र्याची कड काढते. खऱ्या स्टँडवरच्या पत्र्याला मधे पोक असतो. कधीतरी गाडीचा टप धडकलेला असतो, कुठे गंज धरून कड खाली आलेली असते. मी हात मुद्दाम खाली नेतेय, बघत राहा.

(तिचा हात खाली गेला. रेघ गेली नाही. पेन्सिल कॅनव्हासवर पोक काढत होती आणि पडद्यावर त्याच वेळी एक ताठ रेघ बिंदूकडे चालली होती. दाब वाढला तिथे रेघ जाड झाली, एवढंच.)

ओवी : जाडी माझी, दिशा त्याची. याला मी माझं चित्र कसं म्हणू?

आत्या : अगं, पण पत्रा बसवणाऱ्यानं तो सरळच बसवला होता ना? गवंड्यानं ओळंबा सोडून खांब उभे केले, दोरी बांधून फरशी टाकली. जे दोरीनं बांधलं ते दोरीनंच काढावं. पोक नंतर आला, तर तू नंतर काढ. दुसरा लेअर घे, त्यावर असिस्ट बंद ठेव.

ओवी : म्हणजे आधी नवंकोरं स्टँड बांधायचं आणि मग त्याची मोडतोड करायची?

आत्या : खऱ्या स्टँडचंही तसंच होतं की.

हे उत्तर ओवीला आवडलं असावं, कारण ती हसली. पण माघार घेतली नाही.

ओवी : ते वास्तुशिल्पाच्या ड्रॉइंगला ठीक. माझ्या पुस्तकात पत्र्याची कड आणि मुलीच्या फ्रॉकची कड एकाच हातानं काढलेली दिसायला हवी. एक रेघ यंत्राची, शेजारची माणसाची, हे लहान मुलांनाही कळतं. त्यांना सांगता येत नाही, पण ती त्या पानावर थांबत नाहीत.

आत्या : मग जगातल्या सगळ्या चित्रकारांना नापास कर. इजिप्तमध्ये थडग्याच्या भिंतीवर आधी लाल रंगात भिजवलेल्या दोऱ्यांनी चौकोन पाडायचे. उभा माणूस म्हणजे तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकोन. काम अर्धवट राहिलं त्या भिंतींवर ते चौकोन अजून दिसतात. ड्यूररच्या मापनावरच्या ग्रंथाची 1538 ची आवृत्ती बघ. त्यात चित्रकार समोरच्या बाईकडे दोऱ्यांच्या चौकटीतून बघतोय, डोळा हलू नये म्हणून नाकासमोर एक उभी काठी रोवलीय आणि टेबलावरच्या कागदावर तशीच जाळी आखलीय. आणि तुझा लाडका व्हॅन गॉग! 1882 मध्ये हेगला असताना त्यानं दोरे ताणलेली चौकट करून घेतली होती. ती घेऊन समुद्रकाठी जायचा, दोन खांबांवर बसवायचा आणि खिडकीतून बघावं तसा तिच्यातून बघायचा.

ओवी : यातली एक तरी जाळी हाताला धरत होती का? ड्यूररची जाळी दाखवायची. व्हॅन गॉगची चौकट दाखवायची. बघायचं चौकटीतून आणि काढायचं आपलं आपण. शेवटच्या वर्षांत तर ती चौकटही मागे पडली. दाखवणं वेगळं आणि ओढणं वेगळं, मी एवढंच म्हणतेय.

आत्या : आणि पट्टी? टी-स्क्वेअर? गुण्या? ते हाताला धरत नाहीत?

ओवी : धरतात. पण पट्टी दर वेळी उचलून ठेवावी लागते. प्रत्येक रेघेला तू ठरवतेस, ही पट्टीनं की हातानं. असिस्ट एकदा लावला की तो आहे हेच विसरायला होतं. मग झाडाची फांदीसुद्धा बिंदूकडे निघते.

(झाडाची फांदी खरोखर निघाली होती. स्टँडच्या मागच्या पिंपळाची. ओवी त्याच लेअरवर होती आणि तिला पत्ता नव्हता.)

माझ्या मते इथे ओवीचा मुद्दा बिनतोड होता. ताईनं तो ऐकला, चष्मा पुसला आणि विषय फलाटावरच्या पाटीकडे नेला. शिक्षकांची ही जुनी सवय.

आत्या : बरं, ही पाटी. ‘फलाट क्रमांक’ लिहिलंयस ते डुलतंय. इथे तरी चौकोनी जाळी लाव.

ओवी : लावली होती. प्रत्येक अक्षराला सारखे चौकोन दिले. ‘र’ला मोजून तेवढीच जागा मिळाली जेवढी ‘क’ला. ‘र’ बिचारा मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसायला लागला.

आत्या : सारखे चौकोन द्यायला कुणी सांगितलं? अक्षरलेखनात मी हेच घोकून घ्यायचे. उंची सगळ्यांना एक, रुंदी ज्याची त्याला. ‘र’ अरुंद, ‘क’ आणि ‘ळ’ ऐसपैस, दोन अक्षरांमधली जागा डोळ्यानं सारखी, मापानं नव्हे. जाळी उंचीपुरती वापर. वरची रेघ शिरोरेषेची, खालची रेघ अक्षर जिथे संपतं तिथली. मधल्या उभ्या रेघांकडे लक्षच देऊ नकोस.

ओवी : म्हणजे अर्धी जाळी बघायची आणि अर्धी बघायची नाही.

आत्या : तेच तर शिकायचं असतं. आणि रेघ आखून लिहिणं काही कमीपणाचं नाही. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं चालवायचे. त्यांची रेघ पुसायची नसायची, ती लिखाणातच राहायची. मोडीसारखं भरधाव लिखाण आखलेल्या रेघेखाली झालंय, आणि तू म्हणतेस आखलं की हात मरतो.

ओवी : मी असिस्टबद्दल म्हणतेय गं. रेघेबद्दल नाही.

मला वाटलं, आता मिटेल. पण ओवीनं अजिंठा काढला.

ओवी : एक सांग. या यादीत चौकोनी जाळी आहे, आयसोमेट्रिक आहे, पर्स्पेक्टिव्ह आहे, सिमेट्री आहे. अजिंठ्याचं गाइड कुठाय?

आत्या : म्हणजे?

ओवी : अजिंठ्याच्या भिंतीवरचे मंडप बघ. खांब समोरून दिसतात, छत भलत्याच बाजूनं, पलीकडची माणसं वरून. रेघा एका बिंदूला मिळत नाहीत. कुणाच्या मनात एक बिंदू नव्हताच. बघणारा भिंतीच्या कडेनं चालतोय, चित्र त्याच्याबरोबर वळतंय. लहान मुलंही अशीच काढतात. टेबल वरून, पाय समोरून. मला माझ्या पुस्तकात तसं स्टँड काढायचं असेल तर ॲप मला काय मदत करणार? ते म्हणणार, बिंदू द्या.

आत्या : (बराच वेळ विचार करून) त्याला गाइड नाही. खरंय.

ओवी : आणि गाइड नाही म्हणून तसं कुणी काढत नाही. यादीत जे असेल तेच बरोबर वाटायला लागतं. तुझ्याच शिकवणीतून आलेली मुलं वस्तुचित्रात टेबलाच्या कडा किंचित उघडल्या तरी खोडत बसायची ना?

आत्या : बसायची. गुण कापायचे मी. पण लक्षात ठेव, पर्स्पेक्टिव्ह काही आपल्याकडे परवा आलेलं नाही. पेशवाईत, 1790 च्या दशकात, पुण्यातल्या गंगाराम तांबटानं इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची लेणी चित्रांत उतरवली. खांबांच्या रांगा, आतला अंधार, खोली. इकडचा माणूस तिकडची रीत शिकला आणि इकडच्याच लेण्यांवर वापरली. रीत परकी म्हणून टाकायची नसते.

ओवी : टाकत नाहीये. एकच रीत आहे असं मानत नाहीये. आणि आयसोमेट्रिक तर मला आवडतं. त्यात लांबचं लहान होत नाही, रेघा समांतर राहतात. गावाचा नकाशा काढला तेव्हा तेच वापरलं. देऊळ, विहीर, शाळा, सगळ्यांना सारखा मान.

आत्या : इंटरमीडिएटच्या घनभूमितीत ठोकळे काढायला लागली की पोरं रडायची. तू त्याचं गाव केलंस, हे बरं झालं.

आता खरी गंमत. इतका वेळ गाइडची वकिली करणारी ताई चौथ्या प्रकारावर येऊन अडली. सिमेट्री. या प्रकारात अक्षाच्या एका बाजूला काढलं की दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं. त्यातला रेडियल पर्याय घेतला तर कॅनव्हासचे आठ भाग पडतात आणि एका भागातली रेघ आठही ठिकाणी एकदम येते. ओवीनं दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी यात एक रांगोळी केली होती. एक पाकळी तिनं काढली, सात तिच्या मागून आल्या.

आत्या : ही रांगोळी नाही.

ओवी : का? तुझं लाडकं गाइडच आहे की.

आत्या : ठिपक्यांची रांगोळी आम्ही अंगणात काढायचो. आधी ठिपके. ते आखूनच असायचे, कागदाला भोकं पाडून त्यावर पीठ सोडलं तरी चालायचं. ठिपके चुकले तर सगळं चुकलं. पण नंतर आठ पाकळ्या आठ वेळा. चिमटीतून रांगोळी कमीजास्त सुटायची, तिसरी पाकळी जाड यायची, मग चौथीला हात आवरायचा. आठवीपर्यंत हात बसायचा. तुझ्या या पाकळ्यांत पहिलीला जे झालं तेच आठवीला. शिकलं कोण यात?

ओवी : पण ठिपकेही गाइडच की.

आत्या : ठिपके नुसते दाखवतात गं. ओढत नाहीत.

(ओवीनं माझ्याकडे बघितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि ताईला वाचून दाखवलं. ‘मी असं म्हटलं नाही’ असं ती म्हणाली. म्हटलं होतं.)

ओवी : अगं आत्या, तासभर मी दुसरं काय बोलतेय?

आत्या : मग तू स्वतः हा आठ पाकळ्यांचा खेळ का केलास?

ओवी : काम उद्या द्यायचं होतं म्हणून. आणि खरं सांगू, नक्षीला मला ते चालतं. कपड्यावरची बुट्टी, भिंतीवरची किनार, जाळीची खिडकी. चेहऱ्याला मात्र एकदा वापरलं आणि कानाला खडा लावला. डावा डोळा काढला, उजवा आपोआप आला. चेहरा सुंदर होता आणि कुणाचाच नव्हता.

आत्या : कुणाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा असतो? माझी डावी भुवई बघ.

भुवईवर बरीच चर्चा झाली, ती सोडतो. चौकोन पाडून फोटोवरून चित्र मोठं करण्याच्या जुन्या पद्धतीवरही बोलणं झालं. मुंबईतले सिनेमाची होर्डिंग रंगवणारे तीच वापरायचे. हुसेनही उमेदवारीच्या काळात होर्डिंग रंगवत होते. शाळेच्या सभागृहातल्या तसबिरी ताईनं स्वतः अशाच काढल्या आहेत. ओवीचं म्हणणं, आता फोटो खालच्या लेअरवर ठेवून गिरवता येतो, मग चौकोन कशाला. ताईचं म्हणणं, गिरवण्यात डोळा झोपतो आणि चौकोनात जागा राहतो. यात मी ताईच्या बाजूचा. फक्त तिनं एक गोष्ट आपणहून कबूल केली. चौकोन-चौकोन भरत गेलेल्या तसबिरीत दोन्ही डोळे आपापल्या जागी अचूक असतात, पण दोघांची नजर वेगळ्या दिशांना असते. म्हणून शेवटी जाळी झाकून, दहा पावलं मागे जाऊन चित्र बघायचंच.

एक शंका मीच काढली. हे सगळं आयपॅडवाल्यांचं झालं. प्रोक्रिएट ॲपलच्या उपकरणांवरच चालतं आणि विकत घ्यावं लागतं. ज्या मुलाकडे घरातला जुना संगणक आहे त्यानं काय करायचं?

ओवी : क्रिता घ्यायचं. फुकट आहे, विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. आणि आमच्या भांडणाचं उत्तर त्यात आधीच देऊन ठेवलंय. त्यात गाइडना ‘असिस्टंट’ म्हणतात. पर्स्पेक्टिव्हचा आहे, लंबवर्तुळाचा आहे, माशाच्या डोळ्यातून दिसावं तसा गोलाकारही आहे. ते चित्रावर नुसते दिसतात. ब्रश त्यांना चिकटायला हवा असेल तर ब्रशच्या पर्यायांत ‘स्नॅप’ची वेगळी खूण करावी लागते. आणि तिच्याजवळ ‘मॅग्नेटिझम’ची पट्टी असते. रेघ किती ओढली जावी ते त्या पट्टीवर ठरतं.

आत्या : किती ओढायचं ते ठरवता येतं?

ओवी : येतं. कमी ठेवलं तर हाताचा कंप राहतो आणि रेघ भरकटतही नाही.

आत्या : हे आधी का नाही सांगितलंस?

ओवी : तू दोऱ्याची आणि टाचण्यांची गोष्ट सांगत होतीस.

स्टँडचं चित्र ओवीनं नव्यानं केलं. क्षितिजरेषा मुलीच्या डोळ्यांवर, बिंदू पानाच्या जरा बाहेर, डावीकडे. जाळीची ओपॅसिटी तिनं इतकी कमी केली की दिसते न दिसते, आणि तिचा रंग निळ्याऐवजी फिकट नारिंगी. असिस्ट फक्त छपराच्या आणि फलाटाच्या कडेच्या कच्च्या रेघांना, तोही वेगळ्या लेअरवर. कच्च्या रेघा पुऱ्या झाल्यावर तिनं तो लेअर पुसट केला आणि त्यावर हातानं पुन्हा सगळं काढलं. पत्र्याला पोक आला, एक खांब जरासा कलला, पिंपळ हवा तसा वाढला. चौकशी खिडकी मात्र तिनं हट्टानं चुकीच्या बाजूनं काढली. आतला माणूस वरून दिसतो, खिडकी समोरून. अजिंठ्याच्या नावानं. ताईनं ते पाहिलं आणि ‘परीक्षेत गुण गेले असते’ म्हणाली, पण ‘बदल’ म्हणाली नाही.

माझा निकाल मी देऊन टाकतो. जाळी ठेवावी. ती बंद करून आपण स्वतंत्र बाण्याचे होत नाही, फक्त क्षितिजरेषेचा विचार टाळतो. असिस्ट मात्र बंद असावा आणि लागेल तेव्हा लागेल त्या लेअरपुरता चालू करावा. गाइड निर्यात केलेल्या चित्रात उमटत नाही, पण असिस्टनं ओढलेली प्रत्येक रेघ उमटते. कुणाची किंमत कुठे मोजावी लागते ते यावरून कळावं.

शाळेत टॅबवर चित्रकला शिकवू लागलेल्या शिक्षकांना एक विनंती आहे. पर्स्पेक्टिव्हचं गाइड मुलांना जरूर दाखवा. पण बिंदू तुम्ही देऊ नका, आणि पानाच्या मधोमध तर मुळीच नको. ‘हे चित्र कोण बघतंय आणि तो किती उंच आहे?’ हे आधी विचारा, उत्तर मुलानं द्यावं आणि बिंदूही त्यानंच ठेवावा. असिस्टचं बटण पुढच्या सहामाहीत दाखवलं तरी चालेल.